रांग लावायचे दिवस

सुपारी वाळत घातली की आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा राहत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत मला बाहेर पडायची घाई असते. ह्यांचं म्हणणं, मी मुद्दामच कामं काढते. सुपारी हलवायचा कंटाळा, दुसरं काय. असेलही. पण यंदा पुन्हा कलमांवर वाटाण्याएवढ्या कैऱ्या दिसायला लागल्या, रस्त्याच्या कडेला कलिंगडांचे ढीग लागले, शेजारची पोरं ओटीवर बसून मोठमोठ्याने घोकायला लागली, आणि काल संध्याकाळी वाऱ्याबरोबर पलीकडच्या गावातून रोजा सुटल्याचा भोंगा ऐकू आला. आज सकाळी सलमाआपांचा फोन आला. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. थेट विचारलं, "बाईआपा, रांग कधी लावायची?"

"उद्याच लावू," मी म्हटलं.

ह्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "जन्मभर पोरांना फळ्यापुढे उभं केलंस, आणि आता म्हातारपणी रांगा लावत फिरतेस. रेशनच्या दुकानावर तरी नेमतील तुला."

मी हसले आणि चहा टाकायला आत गेले. चहा उकळेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे मागच्या सालचा तो सगळा हंगाम उभा राहिला. रमजान आणि दहावी एकमेकांत गुंतलेला हंगाम. आणि त्याच्या मधोमध रुकैया.

आमच्या दिवेआगरपासून दोन गावं पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी मुलींची एक निवासी शाळा आहे. मदरसाच तो. सकाळी कुराणाचं पाठांतर, अरबी, धर्माचे धडे. दुपारी गणित, विज्ञान, मराठी. मुली बाहेरून दहावीला बसतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर एक दिवस तिथल्या मुख्याध्यापिका सलमाआपा आमच्या वाडीत आल्या. चक्रीवादळात आडव्या झालेल्या सुपाऱ्यांच्या जागी आम्ही नवी रोपं लावली होती, त्यांच्यामधून वाट काढत, बुरखा काट्यांपासून सांभाळत त्या ओटीवर आल्या. म्हणाल्या, "आमच्या मुली मराठी लिहितात बऱ्यापैकी. बोलायचं म्हटलं की जबान उचलत नाही. आठवड्यातून तीन दिवस याल का?" मला घरात बसून गुडघे मोजायचे नव्हते. मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

पहिल्या दिवशी मला काय म्हणावं यावर वर्गात बरीच खलबतं झाली. बाई म्हणावं तर त्यांच्या तोंडी ते बसेना, आपा म्हणावं तर मी पडले कुंकू लावणारी. शेवटी दोन्ही जोडून बाईआपा करून टाकलं. आता वाटेत भेटलेल्या मुलींच्या आयाही मला बाईआपाच म्हणतात आणि मी ओ देते.

त्या मुली मुक्या होत्या असं कुणी म्हटलं तर मी त्याला दुपारी पाण्याच्या टाकीवर नेऊन उभं करीन. कपडे धुताना काय तो कालवा! एकमेकींच्या नकला, खोटी भांडणं, स्वयंपाकाच्या खालांच्या, म्हणजे मावशींच्या, आमटीची निंदा. माझी चालण्याची नक्कल तर त्या इतकी हुबेहूब करायच्या की माझा डावा पाय जरा फेंगडा पडतो हे मला तिथेच कळलं. पण फाटकाशी कुणी परकं माणूस आलं, मीटर बघायला आलेली बाई असो की कुणाची मावशी, की सगळ्या एका क्षणात गप्प. नुसत्या गप्प नव्हे, एकमेकींच्या पाठीमागे. वर्षानुवर्षं तेच चेहरे, त्याच भिंती, तीच हाक. आत त्या राण्या होत्या. बाहेरच्या माणसाशी बोलायचा त्यांना सरावच नव्हता.

आणि रुकैयाची गोष्ट तर सरावाच्याही पलीकडची होती. सोळा वर्षांची, उंच, खांदे पाडून चालणारी मुलगी. सगळं कुराण तिला तोंडपाठ. हाफिजा म्हणतात अशा मुलीला. वहीत अक्षर मोत्यासारखं. पण मी नाव पुकारून समोर बोलावलं की तिच्या तळहातांना पाणी सुटायचं. ओढणीला हात पुसत ती फळ्याजवळ यायची, ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. वर्गातल्या मैत्रिणींसमोर ही कथा, तर परक्यांसमोर काय? एकदा मला कोपऱ्यात गाठून म्हणाली, "बाईआपा, समोर कोन असला का माजा गला बंद होतय. मना नाय जमाचा."

सगळे तिला लाजाळू म्हणत. माझा त्या शब्दावर राग आहे. मुलगी लाजाळू म्हणजे जणू दागिनाच. आया सांगताना किती कौतुकाने सांगतात, 'आमची फार लाजाळू हो!' हातांना घाम सुटतो, पोटात ढवळून येतं, आदल्या रात्री झोप लागत नाही, यात कौतुकासारखं काय आहे? माझी भाची अलिबागला समुपदेशनाचं काम करते. तिला मी फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, ही लाज नव्हे, ही माणसांची भीती आहे. घाबरू नकोस म्हटल्याने कुणाची भीती जात नाही. झेपेल तेवढंच माणसांपुढे न्यायचं, आणि भीती ओसरेपर्यंत तिथेच राहू द्यायचं. पळून आली की ती भीती आणखी मोठी होते. आणि कारणं शोधत बसू नकोस."

कारणं शोधणारे पुष्कळ होते. कुणी म्हणे वडील परदेशात म्हणून, कुणी म्हणे लहानपणी बँकेच्या रांगेत कारकून ओरडला म्हणून. तिच्या आईला वाटायचं नजर लागली. मला कारणाशी कर्तव्य नव्हतं. मला तिचा आवाज हवा होता, आणि तिला तो माझ्याहून जास्त हवा होता. कारण रुकैयाला नर्स व्हायचं होतं. हे तिने मला निबंधात लिहून सांगितलं होतं, तोंडाने नाही.

फेब्रुवारीत तोंडी परीक्षा आल्या. केंद्र तालुक्याच्या शाळेत. मुलींना घेऊन मी आणि सलमाआपा जीपने गेलो. रुकैयाची पाळी आली. टेबलाच्या पलीकडे परीक्षक बाई, अलीकडे ती. बाईंनी नाव विचारलं. फक्त नाव. मी दाराशी होते. मला तिची पाठ दिसत होती आणि पाठीवर थरथरणारी ओढणी. बाईंनी पुन्हा विचारलं, समजुतीने विचारलं. रुकैया वळली, माझ्या अंगावरून बाहेर धावली आणि नळाजवळ ओकली. परीक्षक बाई चांगली होती. म्हणाली, "मुलगी आजारी दिसते. गैरहजर लिहिते. लेखी संपल्यावर राहिलेल्यांची तोंडी परत होते, तेव्हा आणा."

जीपमध्ये परतताना एरवी गाण्यांच्या भेंड्या लावणाऱ्या मुली खिडकीबाहेर बघत बसल्या. रुकैया माझ्या शेजारी होती. तिचा हात मी धरला, तो बर्फासारखा गार. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं नाही, कारण मग सगळी जीप रडली असती.

पुढच्या शुक्रवारी तिची आई भेटायला आली. भांडखोर बाई नव्हे. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत बोलत होती. "बाईआपा, पोर हुशार हाय, मना म्हायती हाय. पन दवाखान्यात पेशंटशी बोलायला लागतं. हिला सोताचा नाव सांगता येत न्हाय. परत तशीच पलून आली त मी घरी नेईन. कशाला जीव टांगनीला लावायचा तिचा?" रुकैया खाली मान घालून ऐकत होती. आईचं चुकत होतं असं मला म्हणता येईना. म्हणजे आता एकच संधी उरली होती, आणि लेखी परीक्षा संपेपर्यंतचे दिवस.

मी तीन दिवसांऐवजी रोज जायला लागले आणि माझ्या पद्धतीने झटले. समोर ये, मान वर, हात मागे, वर्गाकडे बघ. जन्मभर याच मंत्रावर मी पोरं तयार केली होती, त्यातली काही आज सभा गाजवतात. रुकैया रोज समोर यायची आणि रोज परत जायची. लेखी परीक्षा सुरू झाल्या. रुकैया सुंदर पेपर लिहून यायची आणि तोंडी परीक्षेचं नाव निघालं की पांढरी पडायची.

मग चाँद दिसला. रमजान लागला. बाकीच्या मुली सुट्टीला घरी गेल्या. मोठी थोरली इमारत, आणि आत फक्त दहावीच्या मूठभर मुली. सलमाआपांनी पहिल्याच रोज्याला मला इफ्तारसाठी थांबवून घेतलं. मी घरून कलिंगड नेलं होतं. अंगणात दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, घातला, खजूर, कलिंगडाच्या फोडी, भज्यांचा वास, आणि भोंगा वाजायच्या आधीची ती शांतता. दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेल्या पोरी समोरच्या सरबताकडे बघत असतात आणि हात लावत नाहीत. मला ती शांतता फार आवडते. मी रोजा नव्हता केला, पण मीही कपाला हात लावला नाही.

जेवणं झाली, मी निघायच्या तयारीत होते, जीपवाला यायचा होता. मुली मोठ्या खोलीत नमाजाला उभ्या राहिल्या. रमजानमध्ये रोज जास्तीचा नमाज असतो, तरावीह. त्यात रोज थोडं थोडं करत कुराण पठण होतं. मी बाहेर व्हरांड्यात खांबाला टेकून बसले होते. आतून आवाज येऊ लागला. भरदार, न थांबणारा, चढउतार सांभाळत जाणारा आवाज. मला वाटलं सलमाआपाच. पण सलमाआपा तर माझ्या मागून पाण्याची कळशी घेऊन आल्या.

"आपा, कोण म्हणतंय हे?"

"रुकैया," त्या म्हणाल्या. जणू त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

मी उठून दारातून पाहिलं. मला वाटलं होतं रुकैया पुढे उभी असेल, बाकीच्या मागे. मशिदीतले इमाम पुढे उभे राहतात एवढं मला माहीत होतं. पण पुढे कुणीच नव्हतं. मुलींची एकच रांग, खांद्याला खांदा, पायाला पाय लागलेला, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, भिंतीकडे. आणि त्या रांगेच्या बरोब्बर मध्ये रुकैया. ना पुढे, ना मागे. खांदे पाडून चालणारी ती पोर तिथे सरळ उभी होती.

एका जागी ती अडखळली. तिच्या उजव्या हाताला मेहजबीन नावाची तिची मैत्रीण होती, वर्गातली सगळ्यांत आगाऊ मुलगी. तिने वाट पाहिली, थोडी, मग पुढचा शब्द हळूच म्हटला. रुकैयाने तो उचलला आणि गेली पुढे. कुणी हसलं नाही, कुणी वळून पाहिलं नाही.

नंतर मी सलमाआपांना विचारलं. त्या समजावून सांगू लागल्या, "आमच्या कोकणात बायकांची जमात, म्हणजे एकत्र नमाज, असली की नमाज पढवणारी बाई पुढे जात नाही. पहिल्या रांगेत मधोमध उभी राहते. आणि अडली तर बाजूची तिला सांगते. लुकमा देणं म्हणतात त्याला. पण घाई करायची नाही. ती स्वतः आठवते का बघायचं, मगच द्यायचा. आणि दिला म्हणून मिरवायचं तर बिलकुल नाही."

जीपमध्ये बसले तरी माझ्या कानात तो आवाज होता. घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, "अहो, तिचा आवाज कुठेच गेला नाहीये. मी तिला भलत्या ठिकाणी उभी करत होते." हे अर्धवट झोपेत हूं म्हणाले. मी मात्र दिवा मालवून कितीतरी वेळ हसत पडले होते. मला रस्ता सापडला होता आणि तो माझ्या नाकासमोर रोज पाच वेळा उभा राहत होता.

दुसऱ्या दिवशी सलमाआपांना विचारलं, "तुमची रांग मी वर्गात वापरली तर चालेल का? नमाजाची नव्हे, नुसती उभं राहायची तऱ्हा." त्या म्हणाल्या, "खांद्याला खांदा लावून उभं राहायला कुणाची परवानगी लागते?"

तशी रांग लागली. दुपारची वेळ, रोज्याने सुकलेले चेहरे, खिडकीबाहेर फणसाचं झाड. सगळ्यांनी फणसाकडे बघायचं. मधली बोलेल, काय वाटेल ते, मराठीत. अडली तर शेजारचीने थांबायचं आणि मगच शब्द द्यायचा. मीही रांगेत, सगळ्यांत शेवटी, माझा फेंगडा पाय सांभाळत. पहिल्या दिवशी रुकैया फणसाला उद्देशून चार वाक्यं बोलली. फणसावर बोलली, म्हणजे त्याला यंदा किती फणस लागलेत यावर. आवाज बारीक होता, पण होता. मेहजबीनने जीभ चावून धरली होती, लुकमा द्यायची घाई होऊ नये म्हणून. मला दोघींचंही कौतुक वाटलं.

मग मी परकी माणसं आणायला सुरुवात केली. आधी स्वयंपाकाच्या खाला, पदराला हात पुसत रांगेत येऊन उभ्या राहिल्या आणि रुकैयाने त्यांच्याच आमटीवर भाषण केलं. खालांनी पुढचे दोन दिवस आमटीत मीठ बेताने घातलं. मग मागच्या दाराशी मासळी घेऊन येणाऱ्या हिराबाईला मी आत ओढलं. ती पाटी खाली ठेवून, नऊवारीचा काष्टा झटकून रांगेत घुसली ती थेट रुकैयाच्या शेजारी. रुकैया बोलू लागली आणि हिराबाईने मधेच तोडलं. "आगो पोरी, जरा जोरानं बोल. माजे कानान दर्या हाय. हलू बोलशील त मना काय आयकू येनार न्हाय." सगळी रांग हसली. रुकैयाही हसली आणि परत पहिल्यापासून बोलली, जोरानं. परक्या माणसाने सगळ्यांदेखत टोकलं आणि ती पळाली नाही. मी हिराबाईकडून त्या दिवशी सगळे बोंबील घेऊन टाकले, खायला माणसं नसताना.

आमच्या शेजारीणबाई पर्यटकांना घरी उतरवतात. त्यांच्याकडे पुण्याच्या दोघी बायका आल्या होत्या, समुद्र बघायला. त्यांनाही मी घेऊन गेले. समुद्र काय, संध्याकाळीही दिसतो. त्या बिचाऱ्या उन्हाच्या टोप्या घालून रांगेत उभ्या राहिल्या आणि निघताना म्हणाल्या, आम्हालाही ऑफिसात बोलताना पोटात गोळा येतो हो. हे ऐकून रुकैयाने त्यांच्याकडे पहिल्यांदा मान वर करून पाहिलं. मोठ्या, शिकलेल्या, शहरातल्या बायकांनाही? तिचा विश्वास बसेना. रोज नवं माणूस आलं की तिचे हात ओले व्हायचे. पण ती तिथेच थांबायची, आणि बोलता बोलता ते वाळायचे. मी तिच्या नकळत तिची ओढणी बघायची. हात पुसणं दिवसेंदिवस कमी होत होतं.

हळूहळू मी रांगेला बाक द्यायला लागले. दोन्ही टोकं किंचित पुढे, अगदी कळेल न कळेल इतकी. मग आणखी. म्हणजे बोलताना डोळ्यांच्या कडेला चेहरे दिसू लागले. मग अर्धं वर्तुळ झालं, फणस मागे पडला आणि समोर माणसं आली. एका दुपारी रुकैया बोलता बोलता थांबली, इकडेतिकडे बघून म्हणाली, "बाईआपा, तुम्ही आमाला फशिवलात. ही रांग खय राहिली?" मी म्हटलं, "बोल पुढे." ती बोलली.

परीक्षेच्या दिवशी ती रोज्यात होती. सलमाआपा म्हणाल्या, आज सोड, नंतर भरून काढता येतो. तिने मान हलवली. जीपमध्ये मी, सलमाआपा आणि ती, तिघीच. घाटात काजूची बोंडं पिकल्याचा वास येत होता. मी काही उपदेश केला नाही. मला स्वतःलाच उपदेशाची गरज होती. माझ्याच हातांना घाम सुटला होता. मी तो पदराला पुसला आणि सलमाआपांनी ते पाहिलं.

केंद्रावर त्या दिवशी मोजकीच मुलं होती, गावोगावच्या शाळांतली, काही ना काही कारणाने राहिलेली. परीक्षक दुसऱ्या होत्या, जाड चष्मा, कपाळाला आठी, उन्हाने वैतागलेल्या. समोर लांबट टेबल, टेबलावर विषयांच्या चिठ्ठ्या. रुकैयाचं नाव पुकारलं. मी पुन्हा त्याच दाराशी. ती आत गेली, टेबलासमोर पोचली, थांबली. ओढणी थरथरली. मला नळाची ती जागा आठवली आणि मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा रुकैया टेबलासमोर नव्हती. ती टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली होती आणि परीक्षक बाईंच्या खुर्चीशेजारी, त्यांच्या खांद्याला खांदा लागेल अशी उभी होती. तोंड आमच्याकडे, दाराकडे. दोघी मिळून एक रांग.

इतके दिवस रांग वाकवून वाकवून मी समोरासमोर आणली होती, आणि ऐन वेळी पोर पुन्हा सरळ रेषेत जाऊन उभी राहिली. सलमाआपांनी कपाळाला हात लावला.

"अगं, इकडे कुठे आलीस? समोर जा," परीक्षक बाई म्हणाल्या.

"बाई," रुकैया म्हणाली. आवाज कापत होता, पण खोलीभर ऐकू आला. "मी इथे उभी राहून बोलू का? मला शेजारी उभं राहिलं की बोलता येतं."

दोन महिन्यांपूर्वी जिला स्वतःचं नाव सांगता आलं नव्हतं, तिने एका अनोळखी बाईला आपल्याला काय हवं ते तोंडाने सांगितलं. मला वाटलं, परीक्षा झाली. आता मार्क देवोत न देवोत.

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग शेजारच्या खुर्चीवर ठेवलेली आपली पर्स उचलून मांडीवर घेतली. "बस," त्या म्हणाल्या. "उभी कशाला राहतेस? उचल चिठ्ठी."

चिठ्ठीत विषय निघाला, मला भेटलेली एक व्यक्ती. रुकैया हिराबाईवर बोलली. पाटीवर, बोंबलांवर, कानातल्या दर्यावर. एका ठिकाणी अडली. परीक्षक बाईंनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं, थांबल्या. मेहजबीनला शिकवावं लागलं होतं ते त्यांनी न शिकवता केलं. रुकैयाने दोन शब्द मागे जाऊन स्वतःच वाट काढली. शेवटी शेवटी ती बोलताना मान वळवून बाईंच्या तोंडाकडे बघत होती, आणि बाईंच्या कपाळावरची आठी कुठच्या कुठे गेली होती. "कानात दर्या?" त्या हसत म्हणाल्या. "खरंच असं म्हणाली?"

"व्हय, बाई," रुकैया म्हणाली.

ती आता अकरावीला आहे, एस.टी.ने रोज जाते-येते. मागच्या आठवड्यात मी त्याच गाडीत मागे बसले होते. वळणावर म्हातारी माणसं उतरत असताना ड्रायव्हरने गाडी हलवली आणि पुढून खणखणीत आवाज आला, "ओ मास्तर, थांबवा की! लोक उतरतायत!" मी मान उंच करून पाहिलं. मला वाटलं सलमाआपाच असतील.

यंदा कुणाची तोंडी राहिलेली नाही. तरी उद्या रांग लागेल. नववीत आलेली एक नवी मुलगी सुट्टीतही इथेच राहिली आहे, तिचं नाव मला अजून तिच्या तोंडून ऐकायचं आहे. सुट्टीच्या दिवशी रुकैया येणार आहे, परकं माणूस म्हणून.

पण हा हंगाम आला की मला आधी आठवते ती परीक्षेची खोली, रुकैया बाहेर आल्यानंतरची. ती नळावर जाऊन तोंडावर पाणी मारत होती, सलमाआपा तिला जवळ घेऊन रडत होत्या, आणि मी मात्र दारातच खिळले होते. आत पुढचं नाव पुकारलं गेलं. कुठल्याशा दुसऱ्याच शाळेतला मिसरूड फुटलेला मुलगा, तळहात पँटला पुसत आत आला आणि टेबलासमोर येऊन उभा राहिला. परीक्षक बाईंची पर्स अजून मांडीवरच होती. त्यांनी त्याच्या हातांकडे पाहिलं.

"तिथे नको," त्या म्हणाल्या, आणि शेजारची खुर्ची जरा जवळ ओढली. "इकडे ये. इथे, माझ्या शेजारी बस."